अपेक्षित गुण एकतीस

मी भूगोलाचा शिक्षक आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे काही झालं त्यात लोक ही गोष्ट सारखी विसरत होते. बावीस वर्षं मी वारे, पठारं आणि नद्यांची वळणं शिकवली. नद्यांनी मला कधी त्रास दिला नाही. मग आमच्या शाळेचे संगणकशास्त्राचे सर जास्त चांगली नोकरी मिळाली म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच निघून गेले, आणि मुख्याध्यापिकाबाईंनी तो विषय माझ्या गळ्यात घातला. का, तर घरी प्रिंटर असलेला शाळेत मी एकटाच. तो प्रिंटर दोन वर्षं बंद आहे हे सांगायला मी तोंड उघडेपर्यंत बाईंनी वेळापत्रकात माझं नाव पेनाने लिहून टाकलं होतं. पेनाने लिहिलेलं त्या खोडत नाहीत.

संगणकाची परीक्षा संगणकावर होत असेल असा तुमचा समज असेल. माझाही होता. ती कागदावर होते. मुलं हाताने प्रोग्रॅम लिहितात आणि तपासणारा तो डोळ्यांनी चालवून बघतो. हे कळल्यावर मला फार धीर आला. आमच्या प्रयोगशाळेत नऊ संगणक आहेत, त्यांतले चार सुरू होतात, आणि चौथा फक्त पंखा बंद असेल तरच. कागद मात्र मला कळतो. गेलेल्या सरांची एक वही कपाटात सापडली. ती मी वर्षभर फळ्यावर उतरवली आणि मुलांनी फळ्यावरून वहीत. असं ज्ञानदान व्यवस्थित चाललं होतं.

घोड्याने पेंड खाल्ली ती अपेक्षित गुणपत्रकापाशी. परीक्षा कार्यालयाची अशी पद्धत आहे की शेवटच्या परीक्षेच्या दोन महिने आधी प्रत्येक शिक्षकाने आपल्या विषयात कोणाला किती गुण पडतील याचा अंदाज लिहून पाठवायचा. तंत्र महाविद्यालय खऱ्या निकालाची वाट बघत नाही. ते या अंदाजावरच जागा वाटून मोकळं होतं. संगणकशास्त्रात अंदाज साठच्या खाली असला की अर्ज बाजूला. बाईंनी कागद सोमवारी दिला आणि बुधवारी मागितला.

अडतीस मुलं. मी अडतीस वह्या घरी आणल्या, जेवणाच्या टेबलावर रचल्या आणि अंदाजाला बसलो. माझी पद्धत शास्त्रशुद्ध होती. समास आखलाय का, शीर्षकाखाली रेघ आहे का, खाडाखोड किती, अक्षर कसं. भूगोलात ही पद्धत मला कधी दगा देत नाही. ज्याचा नकाशा स्वच्छ त्याचं डोकं स्वच्छ, हे मी बावीस वर्षं बघत आलोय. बायको टेलिफोन कार्यालयात तक्रारींच्या टेबलावर असते. तिचा सगळा दिवस लोकांची गाऱ्हाणी ऐकण्यात जातो, त्यामुळे घरी आल्यावर ती माझी ऐकत नाही. तिने एवढंच विचारलं, की अहो, यातलं तुम्हाला काही कळतं का. मी म्हटलं, अंदाज करायला कळावं लागत नाही, अनुभव लागतो.

अंदाज पुरे झाल्यावर मी ते खालच्या मजल्यावरच्या काकांना दाखवले. काका पुलांच्या खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. उभा जन्म अंदाजपत्रकं करण्यात गेला. त्यांनी चष्मा वर करून आकडे पाहिले आणि म्हणाले, सगळ्यांतून दहा टक्के कापा. अंदाज कमी असला आणि पुढे जास्त निघालं तर लोक कौतुक करतात, जास्त असला आणि कमी निघालं तर चौकशी लागते. मला हे एकदम पटलं. चौकशी हा शब्द मला लहानपणापासून आवडत नाही. मी वर येऊन सरसकट दहा टक्के कापले.

वर्गात एक मुलगा आहे, त्याला सगळे मोतीअक्षर म्हणतात. त्याची वही छापल्यासारखी. त्याला मी ब्याण्णव धरले होते, कापून त्र्याऐंशी झाले. दुसऱ्या टोकाला सायकलवाल्याची मुलगी. शाळेच्या मागच्या गल्लीत तिच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि ही तिथेच बसून अभ्यास करते, त्यामुळे वहीच्या प्रत्येक पानावर ग्रीसचा अंगठा. त्यात फळ्यावरून उतरवलेलं अर्धं खोडलेलं, समासात पेन्सिलने बारीक काहीतरी गिरगटलेलं. वर्षभर त्या वहीत मी लाल शाईने एकच शेरा देत आलो होतो, 'अक्षर सुधारा'. तिला मी मोठ्या मनाने शेहेचाळीस धरले होते. कापून एकेचाळीस झाले. बुधवारी कागद गेला आणि मी शांत झोपलो.

तीन आठवड्यांनी महाविद्यालयाची पहिली यादी लागली. त्यानंतर दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत सायकलवाले शिक्षकखोलीच्या दारात येऊन उभे राहिले. मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत, पँटचं ग्रीस खुर्चीला लागेल म्हणाले. भांडायला आले असावेत असं वाटून मी भूगोलाच्या तासाची घाई आहे असा चेहरा केला. पण ते भांडले नाहीत. पोरीचं नाव यादीत नाही, तिला तिथेच जायचं होतं, दुसरीकडे ती अर्जसुद्धा करत नाही, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले,

"सर, मला त्यातलं कळत नाही, तुम्हाला कळतं. तुम्ही एकेचाळीस म्हणालात म्हणजे ती एकेचाळीसचीच असणार. मी तिला तेच समजावलं. आता दुकानात बस म्हटलं. फक्त तुमच्या तोंडून एकदा ऐकायला आलो."

मी म्हणालो, की असं एकदम सांगता येत नाही, कागद बघावे लागतील. ते बरं म्हणाले, आणि आभार मानून गेले. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. डबा मी तसाच बंद केला.

शाळा सुटल्यावर मी तिची वही घेऊन प्रयोगशाळेत गेलो. हेतू प्रामाणिक होता. एकेचाळीस बरोबरच आहेत याचा पुरावा गोळा करायचा होता. म्हटलं, हिने लिहिलेला प्रोग्रॅम जसाच्या तसा मशीनमध्ये भरू, मशीनच सांगेल. पंखा बंद केला. वर्गाची सरासरी काढणारा प्रोग्रॅम निवडला, कारण तो मी वर्षभरात सगळ्यात जास्त वेळा शिकवला होता. समासातल्या पेन्सिलीच्या गिरगोट्यांसकट सगळं भरलं. तो चालला. सरासरी आली, आणि मी हाताने ताडून पाहिली तर बरोबर आली.

मग मोतीअक्षराचा तोच प्रोग्रॅम भरला. मशीन थांबलं आणि चूक आहे म्हणालं. मग मी गेलेल्या सरांच्या वहीवरून मी फळ्यावर लिहितो तो भरला. मशीन त्याच जागी थांबलं, तेच म्हणालं. मी तिन्ही कागद शेजारी ठेवून रेघ न् रेघ वाचली. यादीतली मोजणी शून्यापासून करायची असते. गेलेल्या सरांच्या वहीत तशीच होती. फळ्यावर उतरवताना मीच ती सुधारून एकापासून केली होती, कारण हजेरीपटात शून्याव्या क्रमांकाचा विद्यार्थी मी कधी पाहिला नव्हता. परिणामी माझा प्रोग्रॅम पहिल्या मुलाला वगळायचा आणि शेवटी वर्गात नसलेल्या एकोणचाळिसाव्या मुलाला शोधत बसायचा. शून्य रेखांशापासून अख्खी पृथ्वी मोजणारा माणूस मी, आणि मला हे सुचू नये.

तिच्या वहीतली खाडाखोड म्हणजे माझ्या चुका होत्या. मी फळ्यावर लिहायचो, ती उतरवायची, मग खोडून समासात बरोबर करून ठेवायची. वर्षभर. एकदाही हात वर करून बोलली नाही. आणि मी प्रत्येक पानाखाली लाल शाईने अक्षर सुधारा लिहून ठेवलं होतं. मोतीअक्षराची वही सुंदर होती कारण त्याने माझी प्रत्येक चूक इमानदारीने, रेघ आखून, जपून ठेवली होती. पंखा बंद असल्यामुळे मला घाम आला असं मी शिपायाला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून परीक्षा कार्यालयात गेलो. चार नंबरच्या खिडकीवर एक सावकाश गृहस्थ बसतात. त्यांना मी सांगितलं की एका मुलीचा अंदाज चुकलाय, एकेचाळीसचे पंच्याऐंशी करायचे आहेत. त्यांनी विचारलं, निकाल लागला का. म्हटलं, नाही. मग चुकला हे कशावरून, म्हणाले. अंदाज चूक की बरोबर हे निकाल लागल्यावर ठरतं, आणि निकाल लागल्यावर अंदाजाची गरज उरत नाही. हे इतकं बिनतोड होतं की मी खिडकीवरून बाजूला व्हायलाच विसरलो. मागच्या माणसाने मला कोपराने ढोसलं.

पण गृहस्थ मनाने वाईट नव्हते. त्यांनी खणातून नियमांची पुस्तिका काढली आणि नियम सतरा माझ्यासमोर धरला. शिक्षकाने आपला अंदाज बदलायचा असेल तर त्याला अंदाज करता येतो हे आधी सिद्ध झालं पाहिजे. त्यासाठी शिक्षकाने स्वतः त्याच विषयाची पडताळणी परीक्षा द्यायची. परीक्षेच्या सात दिवस आधी स्वतःला किती गुण पडतील हे लिहून द्यायचं. अंदाज आणि प्रत्यक्ष गुण यांत दहापेक्षा जास्त फरक नसेल तर शिक्षक सक्षम, त्याची दुरुस्ती मान्य. फरक जास्त असेल तर दुरुस्ती रद्द. मी विचारलं, म्हणजे मला किती गुण पडतात याला महत्त्व नाही. ते म्हणाले, छे, गुणांशी आमचा काय संबंध. महाविद्यालयाची शेवटची यादी पंधरा दिवसांनी होती.

घरी येऊन मी अर्ज भरायला घेतला आणि अपेक्षित गुणांच्या चौकटीत पंच्याहत्तर लिहिणार, एवढ्यात बायकोने पेन काढून घेतलं. तिने मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका माझ्यापुढे ठेवली, घड्याळ लावलं आणि स्वयंपाकघरात गेली. तीन तासांनी छापील उत्तरं समोर ठेवून तिने माझा पेपर तपासला. अठ्ठावीस आले. पास व्हायला पस्तीस लागतात. ती तक्रारींच्या टेबलावर वापरते त्या मऊ आवाजात म्हणाली, की होतं असं कधीकधी. या आवाजाची लोक का तक्रार करतात ते मला त्या दिवशी कळलं.

मग सल्ले सुरू झाले. काका म्हणाले, दहा टक्के कापा. माझा मेहुणा कॉम्प्युटरमध्ये आहे, म्हणजे प्रिंटरची शाई विकतो. तो फोनवर म्हणाला, भावजी, सरळ शंभर लिहा, माणसाने मोठा विचार करावा. शेवटी मी एकतीस लिहिले. अठ्ठावीस गुणवत्तेचे, तीन स्वाभिमानाचे. कागद पाकिटात घालून चार नंबरला दिला. गृहस्थांनी पाकीट फोडलं, आकडा वाचला, वर बघितलं नाही, शिक्का मारला, आणि नियमाप्रमाणे एक प्रत शाळेच्या सूचनाफलकावर लागेल असं सांगितलं.

लागली. हरवलेल्या डब्याच्या सूचनेशेजारी माझं नाव, हुद्दा, विषय संगणकशास्त्र, आणि पुढे ठळक अक्षरात अपेक्षित गुण एकतीस. खाली बारीक अक्षरात नियमातलं कलम होतं, पण बारीक अक्षर कोण वाचतं. आमच्या शाळेतला प्रत्येक जण तिथून दिवसातून चार वेळा जातो. पाचवीतली मुलं थांबून वाचायची आणि माझ्याकडे सहानुभूतीने बघायची. मोतीअक्षर मला भेटून म्हणाला, की सर, अभ्यासाची वही हवी असेल तर माझी घ्या. मी त्याला थँक्यू म्हणालो.

बाईंनी मला आत बोलावलं. त्यांना नियम सतराशी देणंघेणं नव्हतं. शाळेचा संगणकाचा शिक्षक नापास होणार असं शाळेच्याच सूचनाफलकावर लागलंय, ही त्यांच्या दृष्टीने अब्रूची लक्तरं होती. त्या म्हणाल्या, सात दिवस आहेत, शिकवणी लावा, नव्वद पाहिजेत. मी दहाच्या फरकाचं समजावून सांगायला लागलो. त्या म्हणाल्या, जास्त गुण पडल्यामुळे आजवर कोणाचं वाईट झालेलं मी पाहिलेलं नाही. आणि मग त्यांनी शिक्षक नेमला. या विषयातलं शाळेत एकाच व्यक्तीला येतं असं मी स्वतःच अर्जात लिहिलं होतं, त्यामुळे मला बोलायला जागा उरली नाही. सायकलवाल्याची मुलगी. रोज चार ते सहा, दुकानातच. बाईंनी हेही पेनाने लिहिलं.

पहिल्या दिवशी मी दुकानाच्या बाहेरून दोनदा गेलो आणि तिसऱ्यांदा आत शिरलो. वडिलांनी मला एक पालथं खोकं बसायला दिलं आणि वर वर्तमानपत्र अंथरलं. मुलगी माझ्याइतकीच अवघडली होती. तिने प्रश्नपत्रिका काढली, माझ्या अठ्ठावीस गुणांचा पेपर वाचला आणि जरा विचार करून पुस्तक बाजूला ठेवलं. मग तिने एक वाकडं झालेलं चाक स्टँडवर चढवलं.

चाकात छत्तीस तारा असतात. ती म्हणाली, सर, हवा भरायच्या तोटीपाशी शून्य धरायचं. तिथून एकेक तार बोटाने दाबत पुढे जायचं. सैल असेल तर आवळायची, नसेल तर सोडून द्यायची. पुन्हा तोटी आली की थांबायचं. "झालं, हाच लूप. तुम्ही एकापासून मोजता म्हणून तोटीजवळची तार तुमच्याकडून दर वेळी सुटते." एवढंच बोलली, आणि तेही चाकाकडे बघून. मी तारा दाबल्या. शून्य, एक, दोन. पस्तीसपर्यंत गेलो आणि तोटी आली. वर्षभर मी जे फळ्यावर मराठीत, इंग्रजीत आणि रंगीत खडूने समजावलं होतं ते मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. मला फार आनंद झाला, हे कबूल करतो. बावीस वर्षांत कोणी मला काही शिकवलं नव्हतं.

आनंद घरी येईपर्यंत टिकला. बायकोने सवयीने घड्याळ लावून जुना पेपर सोडवायला दिला. पस्तीस आले. दुसऱ्या दिवशी मुलीने सगळ्यात सैल तार कशी शोधायची ते दाखवलं: पहिली तार सैल धरून चालायचं, पुढची जास्त सैल निघाली की तिला लक्षात ठेवायचं, आधीची विसरायची. त्या संध्याकाळी त्रेचाळीस. तिसऱ्या दिवशी बावन्न. बायकोने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "अहो, आता शिकणं बंद करा. एकेचाळीसच्या वर गेलात तर पोरगी बुडाली."

हे सांगायला सोपं आहे. मी चार नंबरला गेलो आणि माझाच अंदाज वाढवून मिळेल का विचारलं. गृहस्थ म्हणाले, मिळेल, नियम सतराखाली अर्ज करा, म्हणजे आधी तुम्हाला अंदाज करता येतो हे सिद्ध करावं लागेल. मग मी विसरायचा प्रयत्न केला. मन लावून मान्सून वारे वाचले. उपयोग नाही. जिना चढताना मी पायऱ्या शून्यापासून मोजत होतो. काकांचा सल्ला विचारला तर ते म्हणाले, पूल अंदाजापेक्षा मजबूत झाला तर आम्ही सिमेंट कमी घालायचो, तुम्हीही काहीतरी कमी घाला.

आणि शिकवणी बंद करता येईना. मुलीला दहाच्या फरकाचं माहीत नव्हतं. सरांना चांगले गुण पडले की आपला अर्ज मान्य होणार, एवढंच तिला बाईंनी सांगितलं होतं. त्यामुळे ती जीव तोडून शिकवत होती. रोज माझ्यासाठी नवा प्रश्न करून आणायची. मला एखादी गोष्ट जमली की वडिलांकडे बघायची आणि ते पंक्चर काढता काढता मान डोलवायचे. त्या माणसाला मी एकेचाळीस सांगितले होते. त्यांच्यासमोर मी तिला पुरे आता असं कसं म्हणणार. सहाव्या दिवशी एक वाकडं चाक मी एकट्याने सरळ केलं. त्यांनी ते फिरवून बघितलं आणि गिऱ्हाइकाच्या सायकलला लावलं.

परीक्षेला सकाळी दहा वाजता आम्ही तिघं होतो. मी, दुसऱ्या शाळेचे एक इतिहासाचे शिक्षक आणि एक कवायतीचे सर, ज्यांच्याकडे गणित आलं होतं. पेपर हातात आला. मी तो वाचला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला, कारण निम्म्याच्या वर मला येत होता.

मी पेपर सोडवला नाही, मी त्याचं अंदाजपत्रक केलं. पहिला प्रश्न दहा गुणांचा, घेतला. दुसरा नऊचा. वर्गाची सरासरी, माझा आवडता, डोळे मिटून लिहून टाकला. चौथा बाराचा. दहा, नऊ आणि बारा एकतीस. सुवाच्य अक्षरात लिहिलं, समास आखला, शीर्षकांखाली रेघा मारल्या. अकरा वाजता माझं काम संपलं. आणि मग नजर सहाव्या प्रश्नावर गेली. बारा गुण. दिलेल्या यादीतली सगळ्यात लहान संख्या शोधा.

सगळ्यात सैल तार. मी तो प्रश्न दुकानात सात वेळा सोडवला होता. तोटीपासून सुरुवात, शून्य धरायचं, जास्त सैल निघाली की लक्षात ठेवायची. तो अख्खा प्रोग्रॅम मला कागदावर दिसत होता. आयुष्यात पहिल्यांदा संगणकाच्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं, माझं स्वतःचं, कोणाच्या वहीतून न उतरवलेलं. पण एकतीस आणि बारा त्रेचाळीस. फरक बाराचा. मी पेनाला टोपण लावलं. दोन तास मी हात मांडीखाली दाबून बसलो. देखरेखीच्या बाईंनी येऊन विचारलं, काही अडचण आहे का, पाणी हवंय का. मी म्हटलं, नको, झालंय माझं. त्यांनी अर्धा कोरा पेपर बघितला आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. कवायतीचे सर तेवढ्यात चौथी पुरवणी मागत होते.

चार दिवसांनी खिडकीवर गेलो. गृहस्थांनी फाइल उघडली. अपेक्षित एकतीस, प्रत्यक्ष बावीस, फरक नऊ, मान्य. मी म्हटलं, बावीस कसे. त्यांनी उत्तरपत्रिका सरकवली. पहिल्या प्रश्नात एक गुण कापला होता. चौथ्यात पैकीच्या पैकी. दुसऱ्यात, माझ्या आवडत्या, डोळे मिटून लिहिलेल्या दुसऱ्यात, नऊपैकी एक. मोजणी एकापासून केली होती. डोकं सुधारलं होतं, हात वर्षभराच्या सवयीने फळ्यावरचंच लिहून आला होता. समासाचे आणि रेघांचे गुण संगणकशास्त्रात नसतात. बावीस आणि बारा चौतीस, हे मी तिथेच उभ्याने मोजलं. सहावा सोडवला असता तरी फरक तिनाचा पडला असता. दुरुस्ती निर्धास्त मान्य झाली असती, आणि मी तरीही एका गुणाने नापासच झालो असतो.

गृहस्थांनी मला प्रमाणपत्र दिलं. त्यावर लिहिलं होतं की सदर शिक्षक अंदाज करण्यास सक्षम आहेत. नियमाप्रमाणे त्याची एक प्रत, प्रश्नपत्रिका आणि प्रश्नवार गुणांसह, सूचनाफलकावर लागली. बाई आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलल्या. काका म्हणाले, नऊचा फरक म्हणजे आमच्या खात्यात पदकच. शेवटच्या यादीत सायकलवाल्याच्या मुलीचं नाव अकरावं होतं. माझ्या पद्धतीने मोजलं तर बारावं, पण ती पद्धत मी आता सोडली आहे.

यादी लागली त्या दिवशी चार वाजता मी दुकानात गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही, शिकवणी तर संपली होती. वडिलांनी हात पुसला आणि माझा हात हातात घेतला. मी म्हटलं, एकेचाळीस माझीच चूक होती, तिची नाही. हे वाक्य मी घरून ठरवून आलो होतो. ते म्हणाले, असू दे सर. मुलगी आत चाक सरळ करत बसली होती. ती उठली नाही.

"सर, सहावा का सोडलात?"

"वेळ पुरला नाही."

तिने आणखी दोन तारा दाबल्या. मग म्हणाली, "सूचनाफलकावर खाली बारीक अक्षरात दहाच्या फरकाचं लिहिलंय, मी आज वाचलं. एकतीस आणि बारा त्रेचाळीस, सर."

मी बसलो. बसायला तेच खोकं होतं, वर्तमानपत्र मात्र कोणी अंथरलं नव्हतं. तिने दप्तरातून वही काढली, कोरं पान उघडलं, वर सहावा प्रश्न पेन्सिलीने लिहिला आणि वही माझ्या मांडीवर ठेवली. सोडवा म्हणाली, आज वेळ आहे.

मी सोडवला. शून्यापासून. खोकं डुगडुगत होतं, मांडीवर धड टेकू नव्हता, मघाशी वडिलांनी हात धरला होता त्याचं ग्रीस कागदाला लागलं, दोन ठिकाणी खोडावं लागलं. पाच मिनिटांत झालं. तिने वही घेतली, एकेक ओळ बोट ठेवून तपासली, आणि माझ्या खिशातलं लाल पेन मागून घेतलं.

बारापैकी बारा. आणि खाली, वळणदार नसलेल्या पण स्वच्छ वाचता येईल अशा अक्षरात, शेरा: 'अक्षर सुधारा'.